प्रस्थानाचं गाठोडं

धुळ्याच्या एका जिनिंगमालकांची मोटर मी चालवत असे, तेव्हाची ही गोष्ट. लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून कुपनावरच मिळे. सोमवारी दुपारी सोनगीरला आमच्या घरी कराचीहून तार आली. मेव्हणे अत्यवस्थ होते. त्यांच्या कचेरीनं अक्कासाठी बुधवारी सकाळी जुहूहून विमानात जागा धरली होती. तार दाखवली की तिथे तिकीट मिळणार होतं. आगगाडीनं कराची गाठायला तीन दिवस तरी गेले असते, आणि मेव्हण्यांच्या हाती तेवढे दिवस होते की नाही, देव जाणे.

मालकांनी मोटर दिली. बेत साधा होता: मंगळवारी मोटरनं चाळीसगाव, ती तिथे ठेवायची आणि पुढे गाडीनं मुंबई. पण मंगळवारी अमावास्या. त्या दिवशी लेकीला घराबाहेर काढायला माय तयार होईना. मग सोमवारीच प्रस्थान ठेवायचं ठरलं. म्हणजे चांगल्या दिवशी प्रवासाचं गाठोडं शेजारी नेऊन ठेवायचं, की माणूस त्याच दिवशी निघालं असं धरतात. त्यात तांदूळ, सुपारी आणि जिच्यावाचून पुढे जाताच येणार नाही अशी एक वस्तू. आमची अक्का पडली सरळ. तिनं तार ठेवली. गाठोडं शेजारच्या तांबटनानांच्या देवळीत गेलं.

मंगळवारी निघताना एवढी रडारड झाली की गाठोडं देवळीतच राहिलं. धुळ्यात शिरताना अक्काच्या ते लक्षात आलं. मी मोटर वळवायला लागलो तर म्हणते, "भाऊ, प्रस्थान ठेवल्यावर मागे फिरत नसतात."

माझं डोकं फिरलं. "मग विमानवाल्यांना काय तांदूळ दाखवशील?"

मी मोटर वळवलीच. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

सोनगीरला नानांच्या दाराला कुलूप. मायनं सांगितलं, गाठोडं दिसताच नाना उतारूंच्या सर्व्हिस मोटरनं आमच्यामागे धुळ्याला धावले. म्हणजे वाटेत आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो होतो. पुन्हा धुळं गाठेपर्यंत चाळीसगावचं पेट्रोल जळून गेलं होतं. आता धुळ्याहून चाळीसगावला जाणारी फाट्यावरची आगगाडीच काय ती उरली. स्टेशनाबाहेर मोटर उभी करून आम्ही फलाटावर पळालो, तर तिथे नाना उभे. आम्हाला गाठायला त्यांनी चाळीसगावचं तिकीट काढलं होतं, आणि गाठोडं दोन्ही हातांत धरलं होतं.

मी हात पुढे केला, पण त्यांनी ते मला दिलं नाही. अक्काच्या ओटीत घातलं.

"तू ते कालदिनच निंघनी, बेटा. आते फक्त पोचनं बाकी शे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मोटर मी राखसू."

गाडीनं चाळीसगाव, पुढे दादर, तिथून लोकल, शेवटी घोडागाडी असं करत आम्ही जुहूला वेळेवर पोचलो. तिथल्या कारकुनानं तार उलगडली तेव्हा तांदळाचे चार दाणे टेबलावर सांडले. अक्कानं ते वेचून पदराला बांधले आणि ती विमानाकडे गेली.

मी परतलो तेव्हा नाना मोटरीच्या पायरीवर बसूनच होते. दोन दिवस घरी गेले नव्हते.

मेव्हणे वाचले नाहीत. पण अक्का पोचली त्या संध्याकाळी त्यांनी एकदा डोळे उघडले, तिला ओळखलं आणि विचारलं, "कधी निघालीस?"

"सोमवारी," अक्का म्हणाली. "तार आली तशीच."