तांडेलांची अगोट

दुपार डोक्यावर आली की आमच्या सडक अर्जुनीत घरोघरी दारं लागतात. कुलर घरघरायला लागतात, दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा गाडी ढाब्याच्या सावलीला लावून खाटेवर आडवे होतात. नेमक्या त्या वेळी आमच्या मागच्या दोन खोल्यांचं पश्चिमेकडचं दार सताड उघडलं जायचं. दारात खुर्ची यायची आणि तिच्यावर उघड्या अंगानं, डोळे मिटून, तांडेल वारा खायला बसायचे. वारा कसला, लू! अंगावर घेतली तर चामडी भाजून निघेल अशी. समोरचा चहावाला रोज ओरडायचा, "बाबा, अंदर बैठो, लू लग जाएगी!" तांडेल डोळे न उघडता हात हलवायचे.

तांडेल हे काही त्यांचं आडनाव नव्हे. समुद्रात मच्छी मारायला जाणाऱ्या मचव्याचा जो मुख्य असतो, त्याला तिकडे तांडेल म्हणतात. ते सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावचे. त्यांची एकुलती एक मुलगी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स. सगळं गाव तिला सिस्टर म्हणतं, आम्हीही. ती आमची भाडेकरू. बायको गेल्यावर तांडेल गावी एकटेच राहत होते. एकदा माळ्यावरून उतरताना शिडीवरून घसरले आणि शेजारणीच्या लक्षात येईपर्यंत तसेच पडून राहिले. सिस्टर जाऊन त्यांना घेऊनच आली. समुद्र, मचवा, घर सगळं मागे ठेवून हा माणूस आमच्या धानाच्या मुलखात आला, तोही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर.

दारावरून त्यांची आणि माझ्या मायची पहिल्याच आठवड्यात जुंपली. सिस्टर ड्यूटीवर असायची, म्हणून तिनं मायला सांगून ठेवलं होतं, की काकी, दुपारी जरा बघत जा. माय बघायला म्हणून जायची आणि दार लोटून यायची. तिची पाठ फिरली की दार उघडं.

"काऊन हो तांडेलभाऊ, मराची घाई झाली का तुमाले?"

"वयनी, दुपारचो वारो घरात घेवक व्हयो. दार बंद करून बसूक मी काय चोर आसय?"

मायला ते बोलणं निम्मं कळायचं नाही आणि तांडेलांना मायचं. पण भांडायला दोघांनाही तेवढं पुरत असे. पुढे सिस्टरनंच उलगडा केला. त्यांच्याकडे उन्हाळ्यात दुपार झाली की समुद्रावरून वारा सुटतो. सकाळभर घामानं चिकचिकलेलं घर त्या वाऱ्यानं निवतं. म्हणून दुपारी दारं उघडायची ही त्यांची जन्माची सवय. माणूस हजारभर किलोमीटर इकडे आला तरी सवय काही मुक्काम हलवायला तयार नव्हती. ते रोज नव्या आशेनं दार उघडायचे आणि थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणायचे, "ह्यो वारो न्हय. ही भट्टी आसा." दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडंच!

माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. संध्याकाळी ते तिथे येऊन बसत आणि गिऱ्हाइकाला आधी एकच प्रश्न विचारत, "वारो खंयचो आज?" धानाच्या बियाण्यासाठी आलेला माणूस गोंधळून माझ्याकडे बघे. वारा कुठून येतोय हे आमच्याकडे उफणणी सोडली तर कोण बघतो? आमच्या तलावातल्या मच्छीला ते नाक मुरडायचे. मायनं एकदा झिंग्यांची भाजी दिली तर वाटी परत करताना म्हणाले, "बरी आसा. पण ह्या मासळीक समुद्र ठावक नाय." माय त्यावर दोन दिवस फुगून बसली होती. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वाटी पाठवली, या वेळी तिखट दुप्पट घालून. तांडेलांनी घाम पुसत पुसत वाटी रिकामी केली.

पहिला उन्हाळा असा हसण्यावारी गेला. दुसरा गेला नाही.

त्या वर्षी ऊन भयंकर होतं. दवाखान्यात ऊन लागलेल्यांची रांग, सिस्टरला पाणी प्यायला फुरसत नाही. एका दुपारी माय दार लोटायला गेली तर तांडेल खुर्चीतून खाली घसरलेले. अंग तापलेल्या तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही, काहीतरी पुटपुटत होते. मायनं ओली चादर टाकली, मला दुकानातून ओरडून बोलावलं. मी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पेशंट उतरवून घ्यायला जी नर्स धावत आली ती सिस्टरच होती. बापाचा चेहरा बघितल्यावर तिचे हात एक क्षण थांबले. मग ती इतर पेशंटांसारखंच सगळं करत गेली, बर्फ, सलाईन, सगळं. तांडेल वाचले.

त्यानंतर सिस्टरनं दाराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. आत कुलर, माठ, जेवण, सगळं ठेवायची आणि कुलूप घालून ड्यूटीवर जायची. पहिल्या दिवशी तांडेल आतून दार ठोकत राहिले. आम्हाला दुकानापर्यंत ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी कमी ठोकलं. तिसऱ्या दिवशी आवाजच आला नाही, आणि त्या दिवशी मायला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी तिनं सिस्टरला ओसरीवर गाठलं. "बाई, बापाले वाचवून राहिली का कोंडून राहिली?"

"मग मी काय करू, काकी? नोकरी सोडू?"

"चाबी माझ्यापाशी दे."

अशी ती चावी मायकडे आली. आमच्या घरामागे जुनी मातीची खोली आहे, जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर. उन्हाळ्यात तिच्यासारखी थंड जागा नाही. ऊन चढलं की माय तांडेलांना तिथे घेऊन यायची आणि ऊन उतरेपर्यंत दोघं बसायची. ती चारोळी काढायला चारं फोडायची, ते जाळ्याची एक जुनी दोरी घेऊन गाठी मारत नि सोडवत बसायचे. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. गल्लीतल्या बायका कुजबुजल्याच. मायच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "या वयात आता उनाचंच भेव वाटते, लोकायचं नाई." आणि विषय संपला.

त्या खोलीत उन्हाळ्यावर फार बोलणं व्हायचं. मी जेवायला जाई तेव्हा कानावर पडे. माय सांगायची, की आमचा उन्हाळा म्हणजे पहाटे मोहफूल वेचायला जंगलात जायचं, अस्वल नाही ना हे बघत, मग तेंदूपत्ता, आणि मग अंग चोरून बसायचं पाऊस येईपर्यंत. इथला उन्हाळा माणसं बाहेर काढतो, कोण विटाभट्टीवर जातं, कोण नागपूरला. तांडेल ऐकून घेत आणि मान हलवत. "आमच्याकडे उलटा, वयनी. उन्हाळो म्हणजे माणसां घराक येवचे दिवस." मुंबईचे चाकरमानी येतात, मचवे एकेक करून किनाऱ्यावर ओढून घेतात, आणि घराघरात अगोट सुरू होते. अगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. चार महिने समुद्र बंद, बाजार लांब, म्हणून सुकी मासळी, आमसुलं, कुळथाचं पीठ, लाकूडफाटा, सगळं वैशाखातच भरून ठेवायचं. घरातला मोठा माणूस ती भरतो आणि लेकीबाळींना, भावंडांना तिचे वाटे काढून देतो.

"तुमचा समुद्र म्हंजे आमच्या नवेगावच्या तलावाएवढा असन ना?" मायनं एकदा विचारलं. तांडेल इतके हसले की त्यांना ठसका लागला. मायनं त्यांना पाणी दिलं आणि मग स्वतःही हसली.

त्या हसण्यानंतरच कधीतरी त्यांनी मनातलं सांगितलं. गेल्या वर्षी त्यांच्या घरात अगोट भरली नव्हती आणि यंदाही भरायची चिन्हं नव्हती. "माका एकदा घराक जावचा आसा, वयनी. अगोट करतंय आणि येतंय."

सिस्टर ऐकायलाच तयार नव्हती. तिकडे चुलतभाऊ शेजारी राहतो खरा, पण त्याची स्वतःची घाई. बाबा परत शिडीवर चढणार, परत पडणार. "आणि मग मला फोन येणार. दोन दिवस लागतात पोचायला, काकी. दोन गाड्या बदलून."

माय म्हणाली, "जाऊ दे त्यायले. जिता माणूस असा भिताडाकडे तोंड करून पडला रायते, पायवत नाई."

"तुमचा बाप नाही, म्हणून बोलता तुम्ही."

माय उठून आत गेली. पण आठवडाभर तांडेल खरोखरच भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि सिस्टरनंच हात टेकले. कशीबशी सुट्टी मिळवली. मी त्यांना गोंदियाच्या स्टेशनवर सोडायला गेलो. निघताना मायनं चारोळीची पुरचुंडी आणि नवे तांदूळ दिले. तांडेलांनी पिशवी छातीशी धरली. "येतंय, वयनी."

"पान्याच्या आधी या. आन् शिडीवर चढू नोका."

"नाय चढणा."

सिस्टर आठवड्यानं एकटीच परतली. ती पहिल्यांदाच मोकळं हसत होती. बाबा तिकडे गेल्यावर दोन माणसांचं जेवतात म्हणाली. अगोट झाली की चुलतभाऊ त्यांना गाडीत बसवून देणार होता. तांडेलांचा मायला एकदा फोनही आला. मागे एवढा आवाज होता, की निम्मं कळलं नाही. मायनं विचारलं, हा कायचा आवाज? तर म्हणाले, "वारो!"

मग तो दुसरा फोन आला, ज्याची सिस्टरला भीती होती. तांडेल माळ्यावर चढताना पडले होते. सिस्टर निघाली, पण ती पोचण्याआधीच ते गेले.

दिवस उरकून ती परत आली ती आमच्याशी एक अक्षर न बोलता. महिना भरताच तिनं हायवेच्या पलीकडे खोली बघितली आणि सामान हलवलं. रस्त्यात दिसली तर मान वळवायची. मायनं तिला एकदाही दोष दिला नाही. मला मात्र पुन्हा पुन्हा विचारायची, "सांग ना, मी चुकली का?" नाही म्हटलं तर खोटं वाटे आणि हो म्हणायला जीभ वळत नसे. ती त्या मातीच्या खोलीत जाईनाशी झाली. मला त्या दिवसांत सिस्टरचा राग यायचा आणि लगेच स्वतःच्या रागाची लाजही वाटायची.

धानाची रोवणी चालू होती. माय शेताच्या बांधीतून येऊन पायाचा चिखल धूत होती, तेव्हा सिस्टर दारात उभी राहिली. अंगावर ड्यूटीचा ड्रेस, हातात सुतळीनं शिवलेलं एक पोतं.

"हे तुमचं आहे, काकी. मी इतके दिवस ठेवून घेतलं होतं."

पोत्यात आमसुलं होती, कुळथाचं पीठ, फणसाचे पापड, सुके बोंबील, तीन नारळ. सगळं वेगवेगळं बांधलेलं. सिस्टर उभ्या उभ्याच सांगत होती. बाबांनी अगोट भरली आणि वाटे काढले. चुलतभावाचा, आत्याचा, तिचा. आणि एक वेगळा. चुलतभावानं विचारलं, हा कोणाचा? तर म्हणाले, "वयनीचो." वाटा घरच्या माणसांचाच काढतात, बाहेरच्याचा कधी काढत नाहीत. "ओल लागू नये म्हणून हेच पोतं माळ्यावर ठेवायला चढले होते."

माय भिंतीला टेकून खाली बसली. "मंग मीच मारलं ना त्यायले."

"मी पण हेच म्हणत होते. रोज." सिस्टर म्हणाली. "आता म्हणवत नाही."

ती मायशेजारी खाली बसली. बाहेर पावसाची रिपरिप. मी दुकानात जायचं सोडून दारातच उभा. मायनं पोत्यातली आमसुलं हातात घेतली, वास घेतला, पुन्हा नीट बांधून ठेवली. मग विचारलं, "येत्या साली तुमच्या घरची अगोट कोन करन?"

सिस्टरनं मान हलवली. कोणीच नाही.

"सुट्टी काढ मंग वैशाखात. मी येतो तुझ्यासंगं," माय म्हणाली. "मले काई येत नाई त्यातलं. तू शिकव. वाटे तं काढाच लागतीन, आत्याचा, चुलतभावाचा, तुझा."

सिस्टर इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमच्या घरात रडली.