भिंगाची डॉक्टर टोकावड्यात

पुण्याहून माळशेजमार्गे निघालेल्या एसटीत मी कंडक्टरला बजावलं होतं, टोकावडे आलं की हाक मारा. त्याने मारली म्हणे. घाट उतरताना मलाच डोळा लागला, आणि जाग आली ती थेट मुरबाडच्या स्टँडवर. मग जीप. ती भरेपर्यंत चालक हलेना. मांडीवर कुणाची तरी खताची पिशवी घेऊन मी आलेलाच रस्ता उलटा कापला.

टोकावड्याच्या शाळेत माझं व्याख्यान होतं. मी दूरच्या, अंधुक दीर्घिकांचा अभ्यास करते. त्या स्वतःच्याच धुळीत बुडालेल्या असतात, सरळ पाहून फारसं काही हाती लागत नाही. पण वाटेत दीर्घिकांचा एखादा जड पुंजका आला, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश वाकतो आणि मागची दीर्घिका मोठी, उजळ दिसते. हे निसर्गाचं भिंगच. आजवर हे सगळं इंग्रजीत बोलले. मराठीत पहिल्यांदाच बोलायचं, म्हणून शब्द जमवताना नाकी नऊ आले होते. शीर्षक ठेवलं होतं, 'दूरचं, अंधुक, धुळीतलं: भिंगातून पाहताना'.

शाळेच्या ओट्यावर म्हातारी माणसं ओळीने बसलेली, मूल एकही नाही. मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पुकारताना शिपायाने शीर्षक जरा सोपं केलं: 'दूरचं अंधुक दिसतंय? डॉक्टर बाई भिंगातून बघणार.' गर्दी पाहून मुलांना घरी पाठवलं होतं. मी कपाळावर हात मारला. नावाआधीचं 'डॉ.' इतकं कधी नडलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी जेवायला वाढलं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. चटणी झकास होती, त्याचाही राग आला.

मग ओट्यावर येऊन सांगितलं, मी डोळ्यांची नाही, आकाशाची डॉक्टर. लोक शिपायाचा उद्धार करत उठले. एक आजी मात्र उठेना. ती डोंगरावरच्या वाडीतून पायी आली होती. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. पहिल्या बाळाची वाकळ (गोधडी) बाळंतिणीच्या आईने आपल्या लुगड्याची शिवायची, अशी त्यांच्या घरची रीत. आणि हिच्याच्याने सुईत दोरा ओवला जात नव्हता. अर्धी वाकळ तिने पिशवीतून बरोबर आणली होती.

"आजी, मी फार लांबचं बघते," मी वैतागून म्हणाले. "तेही सरळ दिसत नाही. मध्ये कुणी आलं तरच दिसतं."

"मंग माज्या आन् सुईच्या मदी तुमी आल्यात ना, बाय."

माझ्या नाकावर वाचायचा चष्मा होता, औषधांच्या दुकानातून घेतलेला, साधा. तो काढून तिच्या नाकावर ठेवला. तिने दोरा ओवला आणि माझ्याकडे न बघता तिथेच टाके घालायला लागली.

परतीच्या एसटीत फोनवर मुख्याध्यापकांचा निरोप आला. हातभर लांब धरूनही अक्षर लागेना. शेवटी फोन शेजारच्या बाईंकडे दिला.

"आजून म्हाताऱ्या आल्यात, पुढच्या टायमाला येताना चष्मे घेऊन या, असं लिवलंय," त्या म्हणाल्या. "तुमी डोल्यांच्या डॉक्टर का?"

धूळ, दीर्घिका, भिंग, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण नव्हतं. माझं व्याख्यान राहिलं ते राहिलंच होतं, त्याचा राग घाटभर पुरणार होता. पण डोळ्यांपुढून ती अर्धी वाकळ हलेना.

"हो," मी म्हणाले.