दोन्ही नॉब सारखे

झाशीच्या मराठी मंडळात मिलिंदला सगळे ‘साउंडवाले’ म्हणत. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. पोटापाण्याला तो रेल्वेच्या ऑफिसात कारकून. एका वर्धापनदिनाला माइक शिट्ट्या मारायला लागला, म्हणून हा आपणहून उठला आणि माइक जरा बाजूला सरकवून आला. तेव्हापासून ते लोढणं जे गळ्यात पडलं ते पडलंच. नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. नाही म्हणायची वेळ आली की तो म्हणायचा, “बघतो.”

इलाइट चौराह्याच्या मागे मंडळाचं सभागृह आहे. तिथे दोन अ‍ॅम्प्लिफायर. पहिला जुना, वजनाने पेटीएवढा, पुढच्या स्पीकरांसाठी. तो सुभाषचंद्र काकांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला. सुभाषचंद्र मंडळाचे चिटणीस आणि शहरातल्या जुन्या घराण्यांपैकी. रेल्वे यायच्या आधीपासून आम्ही इथे आहोत, हे वाक्य त्यांना बोलण्यात कुठेही बसवता येई. दुसरा अ‍ॅम्प नवा, हलका, मागच्या भिंतीवरच्या स्पीकरांसाठी. तो नीरजाताईंच्या पुढाकाराने रेल्वेवाल्या कुटुंबांनी मिळून दिलेला. दोन्हींवर देणाऱ्यांची नावं ठसठशीत रंगवलेली. मंडळात चमचा दिला तरी त्यावर नाव घालतात, मग अ‍ॅम्प कसा सुटेल?

घोडं पेंड खात होतं ते इथेच. दोन अ‍ॅम्पची घडण वेगळी. तोच आवाज आत सोडला तर नवा अ‍ॅम्प तो जुन्यापेक्षा कितीतरी वाढवून बाहेर काढायचा. त्याचा नॉब पाव भागावर ठेवला तर कुठे तो अर्ध्यावरच्या जुन्याच्या बरोबरीला यायचा. मिलिंद समितीला समजावून थकला, “तळमजल्याचा नळ आणि तिसऱ्या मजल्याचा नळ सारखाच उघडला, तर पाणी सारखं येतं का? नॉब कमी म्हणजे अ‍ॅम्पची ताकद कमी नाही हो. आत येणारा आवाज तेवढा बेताने घ्यायचा.”

नीरजाताई म्हणाल्या, “मिलिंदभाऊ, तुम्ही रेल्वेतले असून आपलाच अ‍ॅम्प पाव चालवता?”

सुभाषचंद्र म्हणाले, “हे बघा, आमच्या बाजूने काही आडकाठी नाही. बराबर म्हणजे बराबर. उद्या कोणी म्हणायला नको की जुन्यांनी नव्यांना दाबलं.”

आणि समितीने चक्क ठराव केला की दोन्ही नॉब सारखे, बरोबर मध्यावर. “बघतो,” मिलिंद म्हणाला. माणसं एरवी शहाणी हो, मुलांची लग्नं ठरवतात, घरं बांधतात, आणि एका बोटाएवढ्या नॉबपुढे त्यांची अक्कल गहाण पडते.

त्या ठरावाची शिक्षा भोगली ती त्याच्या बायकोने. बकुळ मंडळाची गाणारी. माहेर जुन्या घराण्यातलं, सासर रेल्वेतलं, त्यामुळे दोन्हीकडच्यांना ती अर्धी परकी. गेल्या वर्धापनदिनाला ती अभंगाला बसली आणि मागचे स्पीकर ओरडायला लागले. तिचाच सूर भिंतीवरून उशिरा परत यायचा. ताल हातातून सुटला, तिने सावरून पाहिलं, पुन्हा सुटला. दुसऱ्या कडव्यात ती थांबली, हात जोडले आणि उठली. लोक म्हणाले, बकुळताईंचं आता वय झालं. त्यानंतर वर्षभर घरातसुद्धा तिने तंबोरा काढला नाही. मिलिंदला ते घर खायला उठायचं.

यंदा मिलिंदनेच तिला गळ घातली. ती म्हणाली, “गाईन. पण गेल्या वर्षी चूक कुणाची होती ते तुम्ही समितीला सांगायचं. सगळ्यांसमोर. माझं वय झालं म्हणतात ते.”

“सांगतो,” मिलिंद म्हणाला. ‘बघतो’ नाही, ‘सांगतो’ म्हणाला. म्हणून ती तयार झाली.

कार्यक्रमाच्या दुपारी तो सभागृहात एकटा होता. आधी फक्त जुना अ‍ॅम्प लावून त्याने गाणं ऐकलं, मग फक्त नवा, मग दोन्ही एकदम. मागच्या खुर्चीवर बसून, पुढे जाऊन, स्टेजवर बकुळ बसणार तिथे मांडी घालून. नव्याचा नॉब खाली आणत आणत पाव भागावर आला तेव्हा मागचा आवाज भिंतीत विरला आणि गाणं समोरून आलं. इतकं साधं होतं. त्याला रागाने हसू आलं.

तेवढ्यात सुभाषचंद्र आले. “क्यों भैया, ठराव लक्षात आहे ना? नीरजाताई येऊन बघणार आहेत.”

सांगायची वेळ हीच होती. समोर चिटणीस, हाताशी दोन्ही अ‍ॅम्प; आधी मध्यावर ऐका आणि मग पावावर ऐका, म्हटलं असतं तर पाच मिनिटांचं काम. वाक्य मिलिंदच्या ओठांवर आलं होतं. “बघतो, काका,” तो म्हणाला.

ते चहाला गेले. मिलिंदने नव्या अ‍ॅम्पच्या नॉबची टोपी ओढली, ती सुटून हातात आली. आतल्या दांड्याला बारीक दाते होते. टोपी त्याने वळवून दुसऱ्या दात्यांवर बसवली. दांडा पावावरच राहिला, टोपीवरची पांढरी रेघ बरोबर मध्यावर आली. नीरजाताईंनी येऊन वाकून पाहिलं. “आता कसं,” म्हणाल्या.

संध्याकाळी बकुळ गायली. पहिल्या आलापाला तिचे खांदे आखडलेले होते, मागून काही येतंय का याची वाट बघणारे. काही आलं नाही. मग ती सैल झाली, अभंग पुरा झाला, लोकांनी आणखी एक मागितला, तोही झाला. मिलिंदचे डोळे भरून आले.

आभाराला सुभाषचंद्र उठले. “गेल्या वर्षी बकुळताईंची तबियत ठीक नव्हती. यंदा त्या छान गायल्या. आणि आवाजाचं म्हणाल, तर दोन्ही अ‍ॅम्प बराबर चालले की काय होतं ते आज सगळ्यांनी ऐकलं. समितीचा ठराव योग्यच होता.” टाळ्या पडल्या. नीरजाताईंनीही वाजवल्या, जुने आणि रेल्वेवाले एका गोष्टीवर एक झाल्याचं मंडळाने पहिल्यांदाच पाहिलं. बकुळने स्टेजवरून मिलिंदकडे पाहिलं. तो वायर गुंडाळत होता.

घरी जाताना तंबोरा मिलिंदने उचलला होता. चौराह्याची गर्दी मागे पडल्यावर तिने विचारलं, “मागून आवाज कसा नाही आला?”

त्याने टोपीची गोष्ट सांगितली. हसेल असं त्याला वाटलं होतं. ती चालत राहिली.

“म्हणजे गेल्या वर्षी माझीच तबियत बिघडली होती,” ती म्हणाली.

“अगं, गाणं तर झालं ना नीट?”

“झालं. पुढच्या वर्षी तरी सांगाल?”

‘सांगतो’ मिलिंदच्या ओठांवर आलं होतं.

“बघतो,” तो म्हणाला.

बकुळने तंबोरा त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या खांद्याला लावला.