रोशनीच्या मागे मी, माझ्या मागे कोण?

आमच्या गावात कुणी विनाकारण धावत नाही. गावाला तिन्ही बाजूंनी जंगल, आणि जंगलात वाघ. धावणारा माणूस दिसला की लोक आधी स्वतः धावतात, मग कारण विचारतात. हे मला जन्मापासून ठाऊक. तरीही मी धावायचं ठरवलं!

कारण आमची रोशनी. पोलीस भरतीसाठी तिला रोज सकाळी धावायचं होतं, आणि तिची आई तिला जंगलाच्या रस्त्यावर एकटी सोडायला तयार नव्हती.

"कोणी संग असन तं जाय, नाई तं नाई," मंगलाने निकाल दिला.

"मी जातो ना!" मी छाती फुगवली. (पोट तरी तिच्या पुढेच राहिलं.) "आजपासून मी बदललो. रोज धावीन, वजन उतरवीन. पाह्यजा तुमी!"

मंगला खुदकन हसली. माझा योगासनांचा संकल्प शवासनातच घोरताना तिने पाहिला होता. "तुमी सोडलं तं पोरीचं धावणंबी बंद. समजलं ना?"

समजलं होतं, म्हणून तर रात्रीच बूट उशाशी घेऊन झोपलो!

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. जाताना कसाबसा टिकलो. येताना मात्र रोशनी भरधाव पुढे, आणि मी मागून माझ्या पिठाच्या चक्कीच्या सैल पट्ट्यासारखा फटफटत. रस्त्याच्या कडेला बाया मोहफुलं वेचत होत्या. आधी त्यांच्यासमोरून रोशनी सुसाट गेली. मग मी आलो. तोंड उघडं, डोळे बाहेर, आणि 'पोरी, हळू' असं सांगायला हात हवेत. (आवाज केव्हाच संपला होता!)

त्यांतल्या शांताबाईने कंबर सरळ करून पाहिलं. "अवो, हे तं चक्कीवाले भाऊ! हा माणूस पंगत बसली तरी धावत नाई. वाघ हाय वो बायांनो, पळा!"

टोपल्या धडाधड पडल्या. मी फक्त 'वाघ' ऐकलं आणि बाया पळताना पाहिल्या. मागे वळून बघायची माझी काय बिशाद! अंगात कुठून बळ आलं देव जाणे, मी सगळ्या बायांना मागे टाकलं.

"बाबा, काय झालं?"

"वाघ!" असं म्हणून मी पोटच्या पोरीलाही मागे टाकलं!

चौकात ही गर्दी! कुणी काठ्या काढल्या, कुणी शाळेची घंटा बडवली, कुणी वनरक्षकाला फोन केला. तो फटफटीवर आला.

"वाघ कोणी पाह्यला?"

सगळ्यांनी शांताबाईकडे बोट दाखवलं.

"मी कुठी पाह्यला? मी भाऊले धावताना पाह्यलं!"

"आणि मी बायांना," मी म्हणालो.

वनरक्षक रस्ता पाहून आला. वाघाचा माग नव्हता, माझा एक बूट तेवढा सापडला. सांडलेली मोहफुलं गावच्या गाई आरामात खात होत्या. बायांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाघ परवडला असता!

"बंद!" मंगला कडाडली. "धावणंगिवणं सारं बंद!"

रोशनीचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं हो. स्वतःचं सोडा, पोरीचं मातेरं केलं मी.

पण शांताबाईच पुढे झाली. "पोरीचं काऊन बंद करता? आता मोह हाय, मंग तेंदूपत्ता तोडाचा. आमी रोजच रस्त्यावर राह्यतो, पाहू तिले. पोरीले धावू द्या. भाऊले तेवढं घरी ठेवा!"

गावाचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. लोक आळसापायी संकल्प मोडतात, मी तो लोकहितासाठी मोडला.

काही महिन्यांनी रोशनी पोलिसात भरती झाली! मी नाचतच शांताबाईकडे पेढे घेऊन गेलो.

"पोरीनं नाव काढलं बाई," मी म्हणालो. "शेवटी बापाचा थोडा हात..."

"हाय ना भाऊ!" तिने पेढा तोंडात टाकला. "तुमी घरी राह्यले, म्हून तं जमलं!"