सात देश कमी पडले

नांदगावच्या स्टँडवर आई म्हणाली होती, "जातोस तर जा, पण हाकेच्या अंतरावर राहा." एसटीच्या खिडकीतून मी हो म्हणालो. खोटंच बोललो. नाशिक काय हाकेच्या अंतरावर आहे? मांडीवर पत्र्याची पेटी होती, शेजारी बायको कौसा आणि तिच्या कुशीत आमची मंगल. तीन भावांत रान पुरत नव्हतं, म्हणून निघालो. नव्वद सालानंतरची गोष्ट.

पंचवटीत हारांचं दुकान टाकलं. दुकान कसलं, एक फळी आणि फुलांच्या दोन पाट्या, एक माझी, एक कौसाची. मी चौथी शिकलेला, कौसा तेवढीही नाही. पण मंगल शाळेत जायला लागली तशी अभ्यासाला आमच्याच शेजारी बसायची. जगातले देश मोठ्यानं पाठ करायची आणि कौसा झेंडू ओवता ओवता तिच्यामागं म्हणायची. एक फूल, एक देश. वर्षभरात मंगलपेक्षा तिलाच जास्त यायला लागले. मी म्हणायचो, "कौसा, त्या लोकांना हार विकायचाय का तुला?" ती म्हणायची, "तुम्ही म्हणून तर दाखवा."

मग मीही शिकलो. देवाला आफ्रिकेचा हार, तो सगळ्यात लांब. फोटोला युरोप. दसऱ्याला स्कूटरच्या हँडलला दक्षिण अमेरिका, बाराच फुलं, बरोबर बसतात. मी अडलो की ती मान वर न करता म्हणायची, "अहो, हात चालतोय, तोंड का थांबलं?"

मंगल नर्स झाली, ओमानला गेली. तेव्हापासून आशियाच्या हारात ओमान आलं की कौसा झेंडूऐवजी गुलाब ओवायची. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, मधेच एक गुलाब कशाला?" "तिथं माझी पोरगी असते," एवढंच सांगायची.

दोन वर्षांपूर्वी कौसा गेली. त्यावर लिहिणार नाही.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. पहिल्याच आठवड्यात देवळातले गुरुजी म्हणाले, "बाबा, हार आखूड झाला. मूर्तीच्या गुडघ्यापर्यंतही येईना." त्यांच्याकडं आदल्या वेळचा सुकलेला हार होता, कौसाच्या हातचा. दोन्ही शेजारी ठेवून मोजले. सात फुलं कमी. आफ्रिकेतले सात देश माझ्या डोक्यातून गेले होते, आणि मला कळलंही नव्हतं. वरून सात फुलं टोचून दिली असती तर चाललं असतं. पण बिननावाची फुलं ओवायला हात होईना. वाटलं, आज सात गेले, उद्या कौसा सगळीच जाईल.

त्याच दिवशी धाकटा भाऊ भिका गावाहून आला. "दादा, चल घरी. आता हितं काय हाय तुझं?" फळीखालची तीच पत्र्याची पेटी काढून मी दुकानामागच्या खोलीतले कपडे भरायला लागलो.

तेवढ्यात मंगलचा फोन. तिला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. ती म्हणाली, "बाबा, सुई घ्या. अल्जेरियापासून म्हणा." फोन माझ्या कानाशी धरून भिका उभा, मी ओवतोय. कॅमेरूनला अडलो. पलीकडून आवाज आला, "हात चालतोय, तोंड का थांबलं?" मग म्हणाली, "चाड." असे सातही मिळाले. गुरुजींचा हार गुडघ्याखाली गेला. भिकानं पेटी परत फळीखाली सरकवली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

म्हणून गावाकडच्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांना सांगतो, माझी काळजी करू नका. मला लय मिळालं. आई म्हणायची ते हाकेचं अंतर मला इथं, या फळीवर सापडलं. आता सगळे देश येतात. तरी कॅमेरूननंतर मी रोज थोडा थांबतो. हातात फूल तसंच धरून. शेजारची पाटी रिकामी असते, तिकडून कोण काय म्हणणार ते मला पाठ आहे. ते ऐकून घेतो आणि मग चाड ओवतो.