आमच्याकडून पूर्ण

काकांनी ठाण्याच्या डायलिसिस सेंटरमधली आपली जागा सोडली ती माझ्या शब्दावर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला सारखं सॉफ्टवेअरच्या मागे लपावंसं वाटणार आहे.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. राहतात कल्याणजवळ मोहन्याला. तिथला कारखाना बंद पडेपर्यंत तिथेच कामाला होते. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे त्यांचंच घर. काही वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या कामातून गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस मागे लागलं. जवळपास कुठे जागा मिळेना, शेवटी ठाण्यात मिळाली, तीही सकाळची. मोहन्याहून कल्याणपर्यंत रिक्षा, तिथून एसटी, खोपटला उतरून परत रिक्षा. येताना तेच सगळं उलटं, फक्त अंगात त्राण नाही. परतीच्या एसटीत त्यांना हमखास उलटी व्हायची. मावशी पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशव्या घडी घालून ठेवायची, आणि शेजारी बसलेल्या माणसाची काका आधीच माफी मागून ठेवायचे.

मी राहते डोंबिवलीला आणि नोकरी वागळे इस्टेटमध्ये. आमची कंपनी हॉस्पिटलं आतून उभी करून देते. बांधकाम आणि पाण्याच्या लाइनींची एक टीम, वायरिंगची दुसरी, मशिनरी बसवणारी तिसरी. तिघांचे तीन सुपरवायझर, आणि तिघांना एका दोरीत बांधणं हे माझं काम. पूर्वी हे सगळं फोनवर आणि व्हॉट्सॲपवर चालायचं, म्हणजे बरंचसं आरडाओरडा करून चालायचं. मीच सरांच्या मागे लागून प्रोजेक्ट ट्रॅक करायचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. करायचं, चालू, पूर्ण. पूर्ण झालं की कार्ड हिरवं. सरांनी ते मीटिंग रूमच्या मोठ्या टीव्हीवर लावलेलं. क्लायंट आले की म्हणायचे, "आमच्या मॅडम दाखवतील." मी दाखवायचे. मला आवडायचं ते.

तर कल्याणमध्ये एका ट्रस्टचं डायलिसिस सेंटर करायचं काम आमच्याकडे आलं. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी मी मावशीला फोन केला. ट्रस्टच्या ऑफिसात जाऊन काकांचं नाव मीच नोंदवलं. मग काम जसजसं पुढे सरकायचं तसतशी मी मोहन्याला बातमी पोचवायचे. एका रविवारी जेवणं झाल्यावर मोबाइलवर अख्खा बोर्डच उघडून दाखवला. वरपासून खालपर्यंत हिरवा.

काकांनी चष्मा लावून पाहिलं. "हिरवं म्हणजे झालं?"

"झालं. आता नुसतं उद्घाटन राहिलंय."

मावशी म्हणाली, "नक्की ना गं? कारण तिकडे सांगायला लागेल. त्यांच्याकडे लोक वाट बघत बसलेत, आपण धरून ठेवणं बरं नाही."

"अगं मावशी, हे बघ ना, सगळं समोर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठाण्याला कळवलं. उद्घाटनाच्या दिवसापासून पुढची त्यांची जागा लगेच दुसऱ्या पेशंटला गेली.

उद्घाटनाच्या दिवशी सेंटरच्या दारात रांगोळी होती, तोरण होतं. नारळ फुटला, फीत कापली गेली. पहिल्या दिवसासाठी बोलावलेले पेशंट आपापल्या फायली घेऊन बसलेले. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. मावशी शेजारच्या बाईंना सांगत होती, "हे सगळं माझ्या भाचीच्या ऑफिसनं केलंय बरं का." मी लांबून ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, पण चेहरा खुललाच असणार.

मग आतून टेक्निशियन बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, प्लांटला पाणी येत नाहीये."

डायलिसिसच्या मशिनला खूप शुद्ध पाणी लागतं. त्यासाठी मागच्या खोलीत पाणी शुद्ध करणारा प्लांट बसवलेला. आम्ही मागे गेलो. लाइनवाल्यांनी टाकीपासून आणलेला पाइप भिंतीतून बाहेर काढून, टोकाला बूच लावून सोडलेला. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मशिनरीवाल्यांचा प्लांट, त्याच्याही तोंडाला बूच. मधल्या जागेत कोणाचंच काही नव्हतं. कोणीतरी तिथे झाडू उभा करून ठेवलेला.

लाइनचा सुपरवायझर म्हणाला, "आमचं काम भिंतीपर्यंत."

मशिनरीचा म्हणाला, "आमचं प्लांटपासून पुढे. ड्रॉइंगमध्ये बघा."

बघायला नकोच होतं. दोघंही खरं बोलत होते. आणि उभ्याउभ्या मला आमची मीटिंग आठवली. मी लॅपटॉप घेऊन बसलेले. लाइनच्या सुपरवायझरला विचारलेलं, "पाण्याचं पूर्ण म्हणू ना?" तो म्हणालेला, "हो, आमच्याकडून पूर्ण." मी कार्ड ओढून हिरव्यात टाकलं. 'आमच्याकडून' हा शब्द टाकायला त्या बोर्डवर जागाच नव्हती. पण कान तर माझे होते. त्याच मीटिंगमध्ये मशिनरीवालाही हेच म्हणाला, वायरिंगवालाही हेच म्हणाला. तिघांच्या 'आमच्याकडून'ची बेरीज करून मी 'पूर्ण' लिहिलं, आणि टीव्हीवर ते इतकं छान दिसलं की साइटवर जाऊन नळ सोडून बघावा असं मला एकदाही वाटलं नाही.

"पाइप आत्ता जोडून टाकू, तासाभराचं काम आहे," लाइनचा सुपरवायझर म्हणाला.

सेंटरच्या डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. "पाइप जोडाल हो. पण त्या पाण्याची लॅबमधून तपासणी झाल्याशिवाय मी ते कोणाच्या रक्तापाशी नेणार नाही. रिपोर्टला दिवस लागतात." मग माझ्याकडे वळून, अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, "बाहेरच्यांना तुम्ही सांगा."

मी बाहेर आले आणि सांगितलं. तांत्रिक अडचण, असं काहीतरी म्हटलं. एकेक जण उठला. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी जुनी जागा सोडलीच नव्हती. शहाणी माणसं. सगळे गेल्यावर काका आणि मावशी खुर्च्यांवर तसेच बसलेले, आणि मावशी ज्यांच्याशी बोलत होती त्या बाईंनी जाताना माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

"मग आता?" काकांनी विचारलं.

मी तिथून थेट ठाण्याच्या सेंटरला गेले. काउंटरवरच्या सिस्टरला हात जोडले. ती म्हणाली, "अहो, तुम्हीच सोडलीत ना जागा?" काचेतून काकांचा बेड दिसत होता. त्यावर एक मुलगी झोपलेली, माझ्याहून लहान, उशाशी डबा. मी कोणत्या तोंडानं काय मागणार होते? सिस्टरनंच वही चाळली. एक पेशंट गावाला गेलेले, त्यांची संध्याकाळची पाळी तात्पुरती मिळेल म्हणाली, पण उद्यापासून.

तो मधला वेळ मी मोहन्याला होते. काकांचे पाय सुजले. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून भिंतीला उशा लावून बसून राहिले. मावशी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसली. घरात कोणीच मला काही बोललं नाही. काका तर मलाच म्हणाले, "तू घरी जा गं, उद्या ऑफिस असेल तुझं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डायलिसिस झालं आणि ते सावरले. त्यानंतर काही आठवडे संध्याकाळची पाळी. मी ऑफिसमधून परस्पर सेंटरला जायचे आणि दोघांना मोहन्याला सोडून घरी यायचे. एकदा स्वयंपाकघरात मी मावशीला म्हटलं, "माझं चुकलं गं." तेव्हा ती एकदाच बोलली. कणीक मळायची थांबली नाही. "'बघते' म्हणाली असतीस ना, तरी चाललं असतं. 'माहीत नाही' म्हणाली असतीस तरी. आम्ही काय घाई केलेली?"

ऑफिसात मात्र कोणी मला दोष दिला नाही, आणि त्याचा जास्त त्रास झाला. सॉफ्टवेअरवाल्यांच्या माणसानं कॉलवर समजावलं की दोन टीम्सच्या मधल्या कामाचं वेगळं कार्ड आपणच बनवायचं असतं. सिस्टम ते कुठून ओळखणार? सर म्हणाले, टूलची लिमिटेशन आहे, सोडून दे. आम्ही एक नवा रकाना केला: 'दुसऱ्या टीमने तपासलं'. थोड्याच दिवसांत लोक तोही जागच्या जागी बसून टिक करायला लागले. मी आता प्रत्येक साइटवर स्वतः जाते, नळ सोडून बघते. सुपरवायझर आपसात हसतात, ते मला माहीत आहे.

रिपोर्ट आले आणि कल्याणचं सेंटर सुरू झालं. काका तिथे जायला लागले. रिक्षानं जायचं, रिक्षानं यायचं, दुपारी घरी जेवायला. उलट्या थांबल्या.

आणि मग एके दिवशी रिसेप्शनवरून फोन आला की तुम्हाला भेटायला कोणी आलंय. खाली गेले तर काका. तोच इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स. डायलिसिस नसलेल्या दिवशी, एकटे, एसटीनं आलेले.

"अहो काका, एवढ्या लांब कशाला आलात?"

"तुझ्या लोकांना पेढे द्यायचे होते. माझा ठाण्याचा फेरा वाचवला त्यांनी."

मी त्यांना हाताला धरून परत रिक्षात बसवायला हवं होतं. पण तेवढ्यात सर खाली आले आणि आग्रह करून त्यांना वर घेऊन गेले. काका प्रत्येक टेबलापाशी थांबले. "घ्या साहेब, घ्या ताई, तुमच्यामुळे फार सोय झाली आमची." सगळ्यांनी पेढे घेतले, सगळे छान बोलले. लाइनचा सुपरवायझर त्या दिवशी ऑफिसातच होता. त्यानं पेढा घेतला आणि मला हळूच विचारलं, "कोण आहेत?"

"माझे काका. उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या खुर्चीवर होते ते."

त्यानं पेढा तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच हातात राहिला. काकांनी बॉक्स माझ्यापुढे धरला. "तू घेतला नाहीस अजून. घे की."

मी घेतला. त्यांच्यासमोर खाल्लाही.