आतून जळलेला सांधा

कोकमाच्या आगळाचा वास आला, की वीस वर्षांपूर्वीचा आमच्या मसुऱ्याच्या आगळाच्या कारखान्यातला स्टीलचा पाइप आठवतो आणि तोंड कडू होतं.

वेल्डर म्हणाला, "जोडताना पाइपात गॅस भरूक होयो, नायतर सांधो आतून जळतलो. सिलिंडर उद्या येतलो."

"देवाक गाऱ्हाणा आज घालूचा आसा," मोठे काका तडकले. "भायरसून चकाकलो म्हणजे झाला. जोड!"

सांधा चकाकला. काकांनी नारळ ठेवून, कारखान्याला यश दे, असं देवाला गाऱ्हाणं घातलं, प्रत्येक मागण्याला आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो.

आतला काळा, खरखरीत सांधा खारट आगळाने पोखरला. रसाला लोखंडाची चव आली, कारखाना बुडाला.

काका मरेपर्यंत म्हणायचे, "कोणीतरी मनापासून व्हय म्हणाक नाय." म्हणताना बघायचे माझ्या बाबांकडे.

एक दिवस थांबूया, एवढंच बाबा बोलले होते.